ज्या सकाळी आमच्या कौलांतून धूर निघाला नाही

पूर्वी मी एक वाक्य तीन तुकड्यांत बोलायची. मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यायचा, आणि तोवर समोरचं माणूस उठून निघून जायचं. आता दम पुरतो, म्हणून जरा जास्तच बोलते असं घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. बंद पडलेला रेडिओ पुन्हा वाजायला लागला, तर कोणी त्याला गप्प बस म्हणतं का?

महिला मंडळात बायका विचारतात, "वहिनी, तुम्हाला नक्की झालं काय होतं? आणि बऱ्या कशा झालात?" एकेकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. मी सातवी पास आहे, डॉक्टर नाही. औषधांची नावं मला तेव्हाही कळली नाहीत. जे अंगावरून गेलं तेवढंच लिहिते.

खोकला कोणाला नसतो?

आमचं गाव रत्नागिरीपासून बरंच आत. एसटीच्या थांब्यावरून खाली उतरायचं, पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी ओलांडायचं, पुन्हा वर चढायचं, की आमची वाडी. घर कौलारू. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, डोंगराकडे. त्याला एकच खिडकी, आणि तिच्यापुढे लाकडं रचलेली, म्हणजे असून नसल्यासारखी.

चुलीच्या वर कामट्यांची ताटी टांगलेली असायची. पावसाळ्यात ओली लाकडं, आमसुलं, सुके बांगडे, बियाण्याची गाडगी, सगळं त्या ताटीवर. धूर म्हणजे आमचा बिनपगारी गडी. लाकडं वाळवायचा, कीड मारायचा, वाशांना वाळवी लागू द्यायचा नाही. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आये म्हणतो, त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "धूर हाय तवर घर हाय."

ते एका अर्थी खरंही होतं. सकाळी उठून खळ्यात आलं, की आम्ही बायका आधी समोरच्या घरांची कौलं बघतो. कौलांच्या फटींतून धूर निघत असला म्हणजे समजायचं, पेज शिजतेय, घरात सगळं ठीक आहे. धूर दिसला नाही की काळजात धस्स होतं. कारण ज्या घरात माणूस गेलेलं असतं, त्या घरात चूल पेटत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे मुंबईला कारखान्यात कामाला. गणपतीला आणि शिमग्याला घरी यायचे. बाकी वर्षभर घरात मी, आये आणि माझी मुलगी कुंदा. लग्न होऊन आले तेव्हापासून चूल माझ्याकडे. फुंकणी घेऊन फुंकायचं, डोळे पुसायचे, खोकायचं. खोकल्याचं कोणाला काय? आये खोकायच्या, समोरच्या जनाकाकी खोकायच्या. आमच्या वाडीत पहाटे कोंबड्यांच्या आधी बायका खोकायच्या.

मग एका पावसाळ्यात विहिरीवरून येताना कळशी खाली ठेवली ती पुन्हा उचलता येईना. श्वास आत जायचा, बाहेर येताना अडकायचा. ओठ निळे पडले. वाडीतल्या पुरुषांनी मला उचलून थांब्यापर्यंत नेलं.

"बिडी किती ओढता?"

गावात तोवर बोभाटा झाला होता की हिला क्षय झाला. माझा कप वेगळा, ताट वेगळं. एका शेजारणीने तर माझ्या हातचा विडासुद्धा घेतला नाही. मी आतून मरून गेले होते. मला स्वतःचं काही नव्हतं. मी गेले तर चुलीपुढे कोण बसणार, हे मला लखलखीत दिसत होतं. कुंदा अकरा वर्षांची होती.

रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात फोटो काढला, थुंकी तपासली. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे असावेत, एकदम पुस्तकी मराठी. फोटो उजेडात धरून त्यांनी विचारलं, "बाई, बिडी किती ओढता?"

मी अशी भडकले म्हणता! दम नव्हता म्हणून वाचले ते. "मी बिडी... ओढणारी... दिसते तुम्हाला?"

"रागावू नका. क्षय नाही तुम्हाला, आधी ते ऐका. पण छाती तर वर्षानुवर्षं बिड्या ओढणाऱ्या माणसासारखी झाली आहे." मग फोटो खाली ठेवून म्हणाले, "चूल फुंकता?"

"मी नाही फुंकणार तर कोण? तुम्ही येताय?"

ते हसले. म्हणाले, "डोळ्यांत पाणी आणतो तो धूर तुम्हाला दिसतो. त्यातली बारीक काजळी दिसत नाही, ती छातीत जाऊन बसते. बसली ती बसली. मी औषध देईन, सूज उतरेल, श्वास मोकळा होईल. पण घरी जाऊन पुन्हा त्याच धुरात बसलात तर माझ्याकडे दुसरं औषध नाही. एक तर धूर घरात राहील, नाही तर तुम्ही."

क्षय नाही म्हटल्यावर मला रडू फुटलं. नुसतं आनंदाचं. धुराचं वाक्य कानात गेलं, पण डोक्यात शिरलं नाही. धूर सोडायचा म्हणजे काय? उद्या म्हणाल पाऊस सोडा.

चुलीपुढची जागा

घरी आल्यावर आयेंनी मला ओटीवर खाट टाकून दिली. "तू आत येव नको," म्हणाल्या. स्वतः चुलीपुढे बसल्या, पण त्यांचे डोळे अधू. एकदा भाताचं पाणी हातावर सांडलं. दुसऱ्या दिवसापासून कुंदा बसायला लागली.

मी ओटीवर पडून ऐकायची. फुंकणीचा आवाज, मग कुंदाचा खोकला. पुन्हा फुंकणी, पुन्हा खोकला. ती शाळेत जायची ते डोळे लाल करून. वेणी घालायला माझ्यापुढे बसली की केसांना धुराचा वास. एके दिवशी मी उठले, तिला हाताला धरून बाजूला केलं आणि फुंकणी घेतली. शहाणपणाचं नव्हतं, माहीत आहे. पण तुम्ही आई असाल तर मला नावं ठेवणार नाही.

त्याच सुमारास पंचायत समितीच्या ग्रामसेविका साळवीबाई वाडीत फिरत होत्या. बिनधुराच्या चुलीची सरकारी योजना आली होती. माती, शेण आणि भाताचा तूस मळून बांधलेली चूल, आतून बंदिस्त, मागे वैल, म्हणजे दुसरं भांडं ठेवायचं तोंड, आणि वैलाच्या मागून सिमेंटचा पाईप भिंतीबाहेर. धूर पाईपातून बाहेर, माणूस आत सुखी. मी ऐकूनच हरखले.

आयेंनी दारातूनच परत पाठवलं. "धूर भायेर घालवशील, मग माझी आमसुला कोण सुकवील? तुझी योजना? बियाण्याला पोरकिडे पडले तर सरकार पेरणार काय?"

साळवीबाई समजावत होत्या, वैलाच्या बाजूला लाकडं उबेने सुकतात, बियाण्याला राख चोळा. आये ऐकेनात. "आमचा जलम धुरात गेला. आमी मेलो काय?"

मी भिंतीला टेकून उभी होते. बोलायचं खूप होतं, पण वाक्य पुरं होण्याआधी साळवीबाई पऱ्या ओलांडून गेल्यासुद्धा.

नवरात्राच्या आसपास मी चुलीपुढेच आडवी झाले. पुन्हा दवाखाना. या वेळी भरती.

फुगा

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. पहाटे फिनेलचा वास, मग सुई, मग वाफ, मग डॉक्टरांची फेरी. नाकाला नळी लावली की बरं वाटायचं, काढली की भीती. भीती कशाची, तर झोपेत श्वास घ्यायचा विसरून जाईन याची. हसू नका, तेव्हा खरंच तसं वाटायचं. हे मुंबईहून धावत आले, पायाशी बसून राहिले, रजा संपल्यावर डोळे पुसत परत गेले. बिऱ्हाड मुंबईला हलवू म्हणत होते, पण ती चाळीतली खोली आठ जणांत होती, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

एक गोष्ट मात्र चांगली होती. माझ्या खाटेला खिडकी होती, आणि दुपारनंतर समुद्रावरचा वारा यायचा. तो नुसता नाकाशी आला तरी जेवल्यासारखं वाटायचं.

सिस्टर केरळकडची होती. तिने एक लाल फुगा आणून दिला. "फूक मार. रोज मार. मोठा फूक." मी फुगा तोंडाला लावला. काही नाही. कोपऱ्यातसुद्धा हवा भरेना. ज्या बाईने आयुष्यभर फुंकणी फुंकली, तिला पोराचा फुगा फुगेना! मला इतकी लाज वाटली की तो उशीखाली लपवला. सिस्टरने शोधून काढला आणि पुन्हा हातात दिला. ती बया हटणारी नव्हती.

कुंदाला आणि गाईला जनाकाकींच्या भरवशावर ठेवून आये माझ्यासोबत राहिल्या होत्या. खाटेखाली वळकटी, शेजारी तांब्या. मला पेज भरवायच्या, पाठ चोळायच्या, आणि वेळ जाईना म्हणून साऱ्या वॉर्डाची चौकशी करायच्या. एका सकाळी त्या चूळ भरून आल्या आणि खाटेच्या कडेला गप्प बसल्या. आये गप्प, म्हणजे मला वाटलं काहीतरी वाईट बातमी.

"काय झालं, आये?"

"माझा खोकला खंय गेला गो?"

"म्हणजे?"

"हितं आल्यापासना चार दिवस कायतरी वायला वायला वाटत होता. आता कळला. मी सकाळची खोकलीच नाय. डोळ्यांना पाणी पण नाय." त्यांनी मुद्दाम खोकून बघितलं. निघेना. "चाळीस वरसं मला वाटत होता, हा माझा खोकला. म्हातारपणाचा. आणि तो मेला चुलीचा होता!"

मी फुगा चाचपत बसले. बोलले असते तर त्या पुन्हा हट्टाला पेटल्या असत्या, मी ओळखून होते. त्यांनी पदराने कोरडे डोळे पुसून बघितले. मग हळूच म्हणाल्या, "कुंदा पण खोकता ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या वहिनीला सोबतीला बोलावून घेतलं आणि स्वतः "गायीक बघून येतंय" म्हणत एसटी धरली. गाईची एवढी ओढ आजवर कधी दिसली नव्हती. मला वाटलं, कंटाळल्या असतील बिचाऱ्या.

मी मात्र फुगा सोडला नाही. आधी लिंबाएवढा, मग पेरूएवढा. मला सुट्टी मिळणार होती त्या सकाळी मी सिस्टरला हाक मारली, डोळे मिटले आणि फुंकत सुटले. फुगा टम्म झाला आणि फाट् करून फुटला. सारा वॉर्ड दचकून उठला. सिस्टर ओरडायच्या ऐवजी टाळ्या वाजवायला लागली. डॉक्टर पळत आले, त्यांना वाटलं काय स्फोट झाला. मी फुटक्या फुग्याचा तुकडा हातात धरून एका दमात म्हणाले, "मी फोडला, साहेब, आणि मला अजून एक आणून द्या!" एका दमात. त्या वाक्याचा मला अजून अभिमान आहे.

तिन्हीसांजेची डोली

फुगा फुटला तरी आमचा चढ चढण्याएवढा दम नव्हता. पूर्णगडच्या अलीकडे माझं माहेर. तिथून माझे दोघे भाऊ आणि त्यांचे दोघे मित्र थांब्यावर आले. बांबूला चादर बांधून डोली केली. थंडी पडायला लागली होती, छातीला गार वारा लागू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. भावाने मला पायापासून डोक्यापर्यंत शालीत गुंडाळलं, तोंडावरही पदर घेतला. चौघे जण गुपचूप चालत होते. गुपचूप, कारण चढावर बोलायला त्यांनाही श्वास नव्हता.

आता हे समोरच्या उतारावरून कसं दिसलं असेल ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. जनाकाकी खळ्यात भात झोडत होत्या. त्यांनी बघितलं: तिन्हीसांज, चौघांच्या खांद्यावर बांबू, त्यात पांघरलेलं माणूस. पऱ्याच्या पलीकडून रडणं काही ऐकू आलं नाही. त्या घरच्यांना म्हणाल्या, "आता म्हातारीला काय इचारूचा? सकाळी कौला सांगतील."

भाऊ मला ओटीवर उतरवून शेवटची एसटी धरायला निघून गेले. आयेंनी मला आत येऊ दिलं नाही. पेज ओटीवरच दिली. "झोप आता गपचूप. उद्या बघ काय ता." मी इतकी दमले होते की विचारलंच नाही. पडल्या पडल्या एकच विचार होता: उद्या सकाळी पुन्हा तीच फुंकणी, आणि ती माझ्या हातात की कुंदाच्या?

सकाळ

जाग आली ती उजाडल्यावर. आधी काही कळेना, काय चुकल्यासारखं वाटतंय. मग कळलं. घरात वास नव्हता. रोज जागच धुराने यायची. फुंकणी नाही, कुंदाचा खोकला नाही, आयेंचा खोकला नाही. चूल पेटलेली नाही!

मी उठून ओटीचं दार उघडलं. खळ्यात वाडीतल्या बायका बसलेल्या. डोक्यावरून पदर, तोंडाला पदर, कोणी एक शब्द बोलत नाही. कडेला पुरुष उभे, एकाच्या खांद्यावर बांबू तोडायचा कोयता. जनाकाकींच्या मांडीवर झाकलेलं पातेलं. सुतकाच्या घरी आणतात तसं.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. मुंबईहून तार आली. ह्यांचं काहीतरी झालं. म्हणून आयेंनी चूल पेटवली नाही, म्हणून मला आत येऊ दिलं नाही. मी दाराला धरून किंचाळले, "अहो कोणी सांगाल का? कधी झालं? कसं झालं?"

बायकांनी माना वर केल्या. मग जनाकाकी अशा ओरडल्या की पऱ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. "अगो बाय माझे! ही तर जिती हाय!"

दोघी उठून पळाल्या. एक देवाचं नाव घ्यायला लागली. कोयतेवाल्याने कोयता पाठीमागे लपवला. जनाकाकींनी मात्र पातेलं सोडलं नाही. तेवढ्यात घरातून आये आल्या, हातात पळी. "काय गो, सकाळच्या पारी कोण बोंबलता?"

"तुझी सून मेली ना?"

"तुझ्या तोंडात माती! ती बघ उभी!"

"मग कौलातना धूर का नाय तुझ्या?"

आये एकदम थांबल्या. मग त्यांचं बोळकं तोंड असं पसरलं, की लग्नातसुद्धा त्यांना तसं हसताना कोणी बघितलं नसेल. त्यांनी मला हाताला धरलं आणि आत नेलं. मागोमाग सारी वाडी.

जुनी चूल नव्हती. तिच्या जागी बुटकी, सारवलेली, लिंपून गुळगुळीत केलेली नवी चूल. पुढे कुंदा बसलेली, हातात फुंकणी नाही, मांडीवर भूगोलाचं पुस्तक. जाळ आत धडधडत होता. वैलावर पेज रटरटत होती. आणि हवेत काही नव्हतं. मी एक श्वास घेतला, मग मुद्दाम मोठा घेतला. पाईप मागच्या भिंतीतून डोंगराकडे गेला होता, जो काय थोडा धूर होता तो फणसाआड निघून जात होता, आणि बिचाऱ्या वाडीला कौलं तेवढी दिसत होती.

"साळवीबायला मीच जावन घेवन आली," आये म्हणाल्या. "जुनी चूल मी माझ्या हातान फोडली. तवर आत तीन दगडांवर शिजवला. नवी सुकायला दिवस लागतत म्हणून तुला सांगितला नाय."

मी आयेंच्या गळ्यात पडून रडले. सासू-सून असं कधी करत नाहीत आमच्याकडे. त्या दिवशी केलं. ह्यांचं काही झालेलं नाही, मी जिवंत, कुंदाचे डोळे पांढरेशुभ्र, आणखी काय पाहिजे?

जनाकाकींनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्ये, रात्रभर रडून डोळे सुजवले मी! कुंदाच्या पोटात कायतरी जावदे म्हणून पिठला-भात करून आणला!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "जावदे. मेल्याची बातमी उठली, आयुष्य वाढला तुझा."

ते पातेलं आम्ही तिथेच उघडलं. स्वतःच्या सुतकाचं पिठलं-भात पोटभर खाल्लेली बाई तुमच्या ओळखीत दुसरी असेल तर कळवा.

आता

खोटं सांगणार नाही. डॉक्टर म्हणाले ते खरं, छातीतलं गेलं ते गेलं. थांब्यापर्यंत जाताना मी अजून मध्ये बसते. चुलीचेही नखरे असतात. महिन्याभरात धूर पुन्हा घरात तुंबला, आये सरकारला शिव्या देत बसल्या. मग आठवलं, पाईप झाडायचा असं साळवीबाईंनी सांगितलं होतं. बांबूला हिराची केरसुणी बांधून आतून काजळी पाडली, ढीगभर! ती बघून मी छातीवर हात ठेवला. एवढी माझ्या छातीत जाणार होती. लाकूड सुकं आणि बारीक फोडलेलं घालावं, खिडकीपुढचा ढीग काढावा, एवढंच मी सांगेन. आमसुलं आता ताटीवर नाही, वैलाच्या उबेला सुकतात. पोरकिडे पडले नाहीत बियाण्याला, आयेंनी राखेत घोळून ठेवलं. फुंकणी कोंबड्या हाकलायला वापरतो.

आणि तुमच्या घरातली कोणी पहाटे खोकत असेल तर तो खोकला तिचाच आहे असं धरून चालू नका. चार दिवस धुरापासून लांब नेऊन बघा.

यंदा शिमग्याच्या आधी जनाकाकींनीही चूल बांधून घेतली. ज्या सकाळी पेटवणार होत्या त्या सकाळी मी खळ्यात उभी राहून त्यांची कौलं बघत होते. धूर नाही. मी पिठलं-भात केला, पातेल्यावर झाकण घातलं, डोक्यावरून पदर घेतला, पऱ्या ओलांडला आणि चढ चढले. मध्ये एकदाच बसले. त्यांच्या दारात उभी राहून जमेल तेवढं लांब तोंड करून विचारलं, "काकी, कोण गेलं हो?"

आतून जनाकाकींचा आवाज आला, खणखणीत, एक ठसका नाही.

"धूर गेला गो बाय! ये, बस जेवायला!"